पाटावरची हार्ड डिस्क

दसऱ्याच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आमच्या सोसायटीची हार्ड डिस्क देवासमोरच्या पाटावर ठेवण्यात आली. तिला हळद-कुंकू लावून झेंडूचे फूल वाहण्यात आले. त्या वेळी मी आंघोळ करत होतो. घटनास्थळी माझी पत्नी सुमती एकटीच होती आणि तिच्या म्हणण्यानुसार पूजा यथासांग झाली.

मी बाहेर आलो तेव्हा टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली होती. डिस्क रीतसर बंद न करता ओढून काढली आहे, असा तिचा आशय होता. पाटावर पाहिले. कात्री, विळी, पान्हा, माझे पेन, शिलाई मशीन पाटावर मावत नाही म्हणून तिचा प्रतिनिधी या नात्याने एक बॉबिन, आणि या सगळ्यांच्या मधोमध, मानाच्या जागी, काळी डिस्क. ज्या बारीक खाचेत तिची वायर बसते तिथे एक अक्षता जाऊन बसली होती.

"मी विचारलं होतं, झालं का म्हणून," सुमती म्हणाली. "तुम्ही आतून ओरडलात, झालं."

हे खरे होते. मी तसे म्हणालो होतो, कारण लॅपटॉपने मला तसे सांगितले होते.

त्या डिस्कमध्ये काय होते ते आता सांगतो. खरे तर बातमीत ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवे.

नवीन पनवेलमधली आमची सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. तिचा ताबा दसऱ्याला मिळाला होता, म्हणून यंदा दसऱ्यालाच संध्याकाळी सात वाजता खालच्या पटांगणात मोठा पडदा लावून पंचवीस वर्षांचा चित्रपट दाखवायचे ठरले. आमचे सेक्रेटरी अविनाश यांचे मत होते की, हे काम एखाद्या स्टुडिओला द्यावे. मी सभेत उठून म्हणालो की, मी एका दैनिकात उपसंपादक आहे, रोज संध्याकाळी पाने वेळेत सोडतो, मला एका तासाचा चित्रपट जड नाही. टाळ्या पडल्या. अविनाश यांनीही वाजवल्या, पण त्या कशा वाजवल्या ते मी लक्षात ठेवले आहे.

लोकांनी जुनी चित्रणे आणून दिली. त्यांत सर्वांत मौल्यवान होती ती पहिल्या मजल्यावरच्या आशालता काकूंची कॅसेट. त्यांचे यजमान दयाराम काका सोसायटीचे पहिले अध्यक्ष. ते जाऊन बरीच वर्षे झाली. पहिल्या दसऱ्याला त्यांनी केलेल्या भाषणाचे चित्रण त्या कॅसेटमध्ये होते आणि काकांचा आवाज जगात तेवढ्याच ठिकाणी शिल्लक होता. कॅसेटला बुरशी लागली होती. दुकानदाराने तिच्यातले चित्रण संगणकासाठी सोसायटीच्या डिस्कवर उतरवून दिले आणि ते करताना फीत तुटली. तुकडे त्याने पाकिटात घालून परत केले. म्हणजे मूळ गेले, आणि उरली ती या डिस्कमधली एकुलती एक प्रत. काकूंनी पाकीट हलवून पाहिले आणि मला एवढेच म्हटले, "आता तुझ्याकडेच आहेत ते. सांभाळ."

आता अडचण अशी की, डिस्क सोसायटीची होती आणि लॅपटॉप माझा. माझा म्हणजे आमच्या मुलीचा, इराचा. तिने नवा घेतला आणि हा सफरचंदवाला मला दिला. त्यात जागा बेताची, म्हणून सगळे चित्रण सोसायटीच्या डिस्कवर ठेवायचे आणि तिथेच जुळवायचे असे मी ठरवले. डिस्क जोडली. आतले सगळे दिसले. पण तिच्यावर एक अक्षर लिहायला गेलो तर लॅपटॉप नकार देई.

चौथ्या मजल्यावरचा सत्यजीत संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने येऊन समजावले. प्रत्येक डिस्कवर मजकूर मांडून ठेवण्याची एक पद्धत असते. कुठली गोष्ट कुठल्या पानावर, पाने संपली तर पुढचा भाग कुठे, हे सगळे त्या पद्धतीने ठरते. सोसायटीची डिस्क विंडोजच्या पद्धतीने मांडलेली. माझ्या लॅपटॉपची घरची पद्धत वेगळी. त्याला विंडोजची पद्धत वाचता येते, लिहिता येत नाही. मला लगेच उलगडा झाला. मोडी घडाघडा वाचणारी, पण मोडीत स्वतःची सही करता न येणारी विद्वान माणसे मी पाहिली आहेत.

यावर उपाय चार, असे सत्यजीत म्हणाला. डिस्क पुसून दोन्ही बाजूंना येणारी एक सोपी पद्धत तिच्यावर घालता येईल. ती चपळ आहे, पण काम करताना कच्ची टिपणे ठेवत नाही. मध्येच वायर निघाली तर आपण काय करत होतो हे तिला आठवत नाही. दुसरी एक फार जुनी पद्धत आहे. ती टीव्हीपासून गाडीतल्या टेपपर्यंत सगळ्यांना कळते, पण मोठी फाइल तिच्या पोटात मावत नाही आणि आमचा चित्रपट मोठा होता. तिसरा उपाय म्हणजे विकतचा दुभाषी. लॅपटॉप आणि डिस्क यांच्या मध्ये बसणारा एक प्रोग्रॅम, तो वेगाने भाषांतर करतो. चौथा म्हणजे फुकटचा दुभाषी.

"फुकटच्यात वाईट काय?" मी विचारले.

"हळू आहे. आणि भरवसा बेताचा," तो म्हणाला. "काही केलंत तरी काका, चित्रणाची दुसरी प्रत ठेवा. एकच प्रत म्हणजे नसल्यात जमा."

मी रीतीने चालणारा माणूस आहे. चारही उपाय समितीपुढे ठेवले. डिस्क पुसण्याचा प्रस्ताव अविनाश यांनी पहिल्याच मिनिटाला बाजूला सारला. डिस्कवर गेटच्या कॅमेऱ्याचे चित्रण आणि जुन्या सभांची कागदपत्रे आहेत. ती पुसणे म्हणजे संस्थेच्या मालमत्तेची विल्हेवाट आणि त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी. विकतच्या दुभाष्याला तीन दरपत्रके हवीत. मी सांगितले की, ही वस्तू एकच कंपनी बनवते आणि तीच विकते, तीन दर येणार कुठून? त्यावर अविनाश म्हणाले, "पत्रकार, मग ही खरेदी नियमात बसत नाही." दुसरी डिस्क घेण्याबद्दल त्यांचा प्रश्न होता की, एका कामाला दोन डिस्क कशाला, ऑडिटरला काय सांगू? खालच्या स्टेशनरीच्या दुकानदारांनी मला खाजगीत सुचवले की, डिस्क थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून बघा, त्यांच्या मेव्हण्याची तशीच सुरू झाली होती.

शेवटी फुकटचा दुभाषी बसवला.

तो हळू होता याबद्दल माझी तक्रार नाही. ते आधी सांगितलेले होते. प्रत्येक वाक्य लॅपटॉपकडून ऐकायचे, मनात उलथायचे, डिस्कला सांगायचे, तिचे उत्तर घेऊन परत यायचे. एक फाइल इकडची तिकडे न्यायला जो वेळ लागे त्यात मी गिरणीतून दळण आणून, वाटेत भाजी घेऊन, गॅस सिलिंडरवाल्याशी वाद घालून परत येई. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण चित्रपट डिस्कवर उतरवायला लावला तो सकाळी चहाच्या वेळीही चालूच होता. तेवढ्यात मला काकूंची फाइल नीट जागेवर ठेवावीशी वाटली, म्हणून ती एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवली. मग पडद्यावर आले: पूर्ण झाले. मी टॉवेल घेतला.

दुभाषी खोटे बोलत होता असे सत्यजीत म्हणत नाही. तो म्हणतो की, असे दुभाषी वेळ वाचवायला मजकूर आधी हातात गोळा करतात आणि सवडीने डिस्कला सांगतात. तुम्हाला मात्र लगेच 'सांगितलं' म्हणून मोकळे होतात. आमच्या धंद्यात असे वार्ताहर असतात. फोनवर 'पाठवली' म्हणतात तेव्हा बातमी त्यांच्या डोक्यात असते आणि ते स्वतः रिक्षात असतात. अशांना मी आवाजावरून ओळखतो. या एकाला ओळखले नाही, कारण त्याला आवाज नव्हता.

तर पूजा झाल्यावर मी सहज हात पुढे केला आणि पाटावरची डिस्क उचलू लागलो. सुमतीने माझा हात धरला.

"पुजलेलं उद्या सकाळपर्यंत हलवायचं नाही."

मी म्हटले, प्रसंग गंभीर आहे. ती म्हणाली, गेल्या दसऱ्याला स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तोही प्रसंग गंभीर होता. पान्हा पाटावर होता. तेव्हा मी खुर्चीत बसून तिला सांगितले होते की, या दिवशी आपल्याकडे हत्याराला हात लावत नाहीत, छापखानेसुद्धा बंद असतात, वृत्तपत्रांना सुट्टी असते, ही परंपरा आहे. नळ रात्रभर गळला आणि तिने बादल्या बदलल्या. हे सगळे तिने अतिशय शांतपणे, कुठलेही विशेषण न वापरता सांगितले. उत्तम बातमी अशीच लिहितात.

मी आशालता काकूंना वर बोलावले. रीतभातीच्या बाबतीत इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा. पण त्यांना बोलावण्यात एक अडचण होती. काय झाले ते आधी त्यांनाच सांगावे लागणार होते. मी म्हणालो की, सदर चित्रणाच्या सद्यःस्थितीबाबत निश्चित माहिती या घडीला उपलब्ध नाही.

"म्हणजे गेले का ते?" काकूंनी विचारले.

"माहीत नाही, काकू."

त्या पाटापाशी गेल्या. मग सुमतीला म्हणाल्या, "हत्यारं पुजायची ती सीमोल्लंघनाला न्यायची म्हणून. पाटावर गंज चढवायला नाही. पण एक आहे. उचललीत तर वेशीबाहेर न्यायला पाहिजे. नुसतं या खोलीतून त्या खोलीत चालायचं नाही."

सुमतीने निर्णय मान्य केला. मी ताबडतोब सत्यजीतला फोन लावला. तो म्हणाला, हिला आता तिच्या घरच्या भाषेतच विचारलं पाहिजे, काय झालंय ते. विंडोजवाल्या संगणकाला जोडा, तो स्वतः तपासून दुरुस्त करतो. दुभाषी पुन्हा मध्ये घालू नका. दुरुस्तीला अर्धा तास लागेल किंवा सहा तास, सांगता येत नाही, आणि सुरू केलेली दुरुस्ती मध्ये तोडायची नाही.

त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपला कंपनीने बाहेरच्या डिस्कची बंदी घातली होती. दुसरा विंडोज संगणक सोसायटीच्या कार्यालयात, अविनाश यांच्या ताब्यात. त्यांना कुणीतरी आधीच कळवले होते. त्यांचा फोन आला. "आणा की माझ्याकडे, पत्रकार. फक्त नंतर झाला प्रकार समितीसमोर लेखी मांडावा लागेल." त्यांच्या आवाजात सहानुभूती होती. मी फोन ठेवला.

तिसरा संगणक जासईला होता. आमच्या इमारतीच्या खालच्या दोन गाळ्यांचे मालक जगनशेठ मूळ जासईचे. हळदी-लग्नाला मोठे एलईडी पडदे पुरवायचा त्यांचा धंदा आहे आणि आजचा पडदाही तेच आणणार होते. त्यांना फोनवर हकिकत सांगितली.

"सायब, आना इकरं," ते म्हणाले. "आमचा लॅपटाप विंडोजच हाय. पूजा झाली त्याची, पन आमी काय त्याला बसवून ठेवत नाय. दसऱ्याला दोन बुकिंग हाय."

स्कूटरही पुजलेली होती. तिच्या हँडलला हार होता. काकू गॅलरीतून म्हणाल्या की, तीसुद्धा सीमोल्लंघनाच्याच यादीत. हार काढायचा नाही, असे सुमतीने सांगितले. डिस्क तिने खणात गुंडाळून मांडीवर घेतली, कारण ती डिकीत टाकायची वस्तू राहिली नव्हती. अशा रीतीने आम्ही पती-पत्नी दुपारी बंदराच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रेलर, प्रत्येकाच्या तोंडावर झेंडूचा जाड हार, आणि त्यांच्या मध्ये आमचीही हारवाली स्कूटर. एका ट्रेलरच्या ड्रायव्हरने आम्हाला वाट देऊन कपाळाला हात लावला. तो नमस्कार सुमतीच्या मांडीवरच्या खणाला होता हे मला उशिरा कळले.

जगनशेठच्या गोदामात टेम्पो भरणे चालू होते. त्यांनी रंगाच्या ब्रशने डिस्कच्या खाचेतली अक्षता काढली, कुंकू झटकले, वायर लावली. लॅपटॉपने एक क्षणही विचार न करता सांगितले की, या डिस्कमध्ये बिघाड आहे, तपासून दुरुस्त करू का? गेले कित्येक दिवस मी ज्या वस्तूशी दुभाष्यामार्फत बोलत होतो, तिचे इतके सरळ आणि वेगवान बोलणे पहिल्यांदाच ऐकले. परक्या गावात आठवडाभर राहून आपल्या स्टेशनवर उतरल्यासारखे वाटले. 'हो' म्हटले. टक्के चढू लागले. मग चढायचे थांबले.

टेम्पो भरून झाला. आमच्या पटांगणात पडदा उभा करायला वेळ लागतो, निघायला हवे होते. आणि लॅपटॉप तर पडद्याबरोबरच जायचा.

"मंग चालू ठेवूनच नेऊ," जगनशेठ म्हणाले. "आमी हळदीला वाजत गाजत नेतो, ह्याला दुरुस्त करत नेऊ. वैनी, तुमी केबिनमदी बसा."

सुमती टेम्पोच्या केबिनमध्ये बसली, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर खण, खणावर डिस्क. मी मागून स्कूटरवर. गव्हाण फाट्याच्या अलीकडे कोंडी होती. तिथे सुमतीचा फोन आला की, लॅपटॉप बॅटरी संपल्याचे सांगतो आहे. सुरू केलेली दुरुस्ती मध्ये तोडायची नाही, हे सत्यजीतचे शब्द मला आठवले आणि त्यांच्या पाठोपाठ काकूंचे पाकीट. मी स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून धावत टेम्पोपाशी गेलो. जगनशेठ शांत होते. पडद्याचा धंदा करणाऱ्या माणसाच्या टेम्पोत जनरेटर असतो. त्यांनी मागची ताडपत्री वर करून तो सुरू केला आणि एक लांब वायर खिडकीतून आत सोडली.

टेम्पो पुन्हा निघाला तो धडधड आवाज करत, पाठीमागून धूर सोडत. साहजिकच पुढच्या चौकात वाहतूक पोलिसांनी अडवले. चालत्या गाडीत जनरेटर कशासाठी, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी पुढे होऊन खुलासा करू लागलो. डिस्क, पद्धती, दुभाषी इथपर्यंत आलो होतो. त्यांचा चेहरा पाहून मला सभेतले अविनाश आठवले. तेवढ्यात त्यांची नजर केबिनमध्ये गेली. मांडीवरचा खण, हळद-कुंकू, झेंडूचे फूल.

"देवीचं काही आहे का?" त्यांनी विचारले.

"पूजा झालेली आहे," सुमती म्हणाली. "मध्येच उठवता येत नाही."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. आणि माझा खुलासाही खरा होता. दोन खऱ्या विधानांत कोणते छापायचे, हे सुमतीला माझ्यापेक्षा चांगले कळते हे मी तिथे मान्य केले. पोलिसांनी आम्हाला जाऊ दिले, फक्त पनवेलला पोचेपर्यंत हळू चालवा आणि खिडकी उघडी ठेवा, असे बजावले.

दुरुस्ती पूर्ण झाली ती सोसायटीच्या दारात. सत्यजीत तिथेच थांबला होता. चित्रपटाची फाइल होती, पण जेवढी असायला हवी त्याहून लहान. दुभाष्याच्या हातात जेवढे राहून गेले तेवढे गेले, असे तेव्हा वाटले. काकूंच्या फाइलचा कप्पा उघडला. तो रिकामा होता.

मी वर पाहिले. काकू गॅलरीत उभ्या होत्या. 

सत्यजीत म्हणाला, घाबरू नका, अजून एक जागा आहे. दुरुस्ती करताना विंडोजला जे सापडते, पण ते कुणाचे हे कळत नाही, ते सगळे तो एका वेगळ्या कप्प्यात टाकतो. बेवारस वस्तूंची खोलीच ती. तिथे दोन फाइली होत्या. नाव नाही, ओळख नाही, नुसते क्रमांक. एक-एक तपासायला वेळ नव्हता. पडदा उभा राहत होता, खुर्च्या लागल्या होत्या आणि अविनाश नवीन सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. सत्यजीतने त्यातल्या मोठ्या फाइलीला चित्रणाचे नाव चिकटवले आणि चित्रपटाच्या मागे लावून ठेवली. निघाली तर निघाली.

सात वाजता चित्रपट सुरू झाला. तो चांगला झाला होता, असे सर्वांचे मत पडले. गणपती, होळी, पाण्याची नवी टाकी, लिफ्ट बसली तो दिवस, लिफ्ट बंद पडली ते दिवस. लोक स्वतःला आणि एकमेकांच्या केसांना पाहून हसत होते. तासाभराच्या चित्रपटाचा शेवटचा भाग म्हणजे सेक्रेटरींचे मनोगत. ते लांबलचक होते. कापायची परवानगी मला मिळाली नव्हती. पडद्यावर अविनाश प्रकटले, घसा साफ केला, म्हणाले, "प्रिय सभासदहो, थोडक्यात सांगायचं तर" आणि थांबले. तोंड उघडे, एक बोट वर. चित्र तिथेच गोठले होते.

पंचवीस वर्षांत अविनाश यांचे भाषण इतके थोडक्यात कधीच आटोपले नव्हते. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. मीही वाजवल्या.

मग पडदा काळा झाला आणि बेवारस फाइल सुरू झाली. आधी नुसत्या रेघा. मग निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ओले सिमेंट, झेंडूचे तोरण आणि माइकसमोर हातात कागद घेतलेले दयाराम काका. पहिल्या रांगेतल्या काकू ताठ बसल्या.

या चित्रणातला थोडासाच भाग मी चित्रपटात घेतला होता. काका भाषण सुरू करतात, मागे पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजतो, काका कागद खिशात घालून भोंगा उचलतात आणि ओरडतात, "ए विंगनं आधी यायचं, बी विंगनं बादल्या धरून उभं राहायचं, ढकलाढकली नाही." सगळी सभा उठून पळते. चित्रण करणाराही कॅमेरा तसाच सोडून बादली आणायला जातो. इथे मी कापले होते. पुढे काही घडत नाही, असे माझे मत होते.

आता ते न कापलेले चालू राहिले. रिकाम्या खुर्च्या. फक्त एका खुर्चीवर, कडेला, एक बाई बसलेली. काका तिच्याकडे आले.

"तू नाही गेलीस?"

"तुमचं भाषण राहिलंय ना."

काका तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, खिशातला कागद काढला, चष्मा लावला आणि राहिलेले भाषण तिला वाचून दाखवू लागले. सगळे. बिल्डरने सोडलेली कामे, नियोजित बाग, सभासदांचे सहकार्य. कॅमेरा दूर होता, पण जगनशेठचे स्पीकर हळदीसाठी घेतलेले. दोन गावांत ऐकू जावे असे. पंचवीस वर्षांपूर्वीचे ते हळू आवाजातले वाचन सगळ्या पटांगणात स्वच्छ ऐकू येत होते. कुणी खुर्ची हलवली नाही. शेवटी काका म्हणाले, "सर्व उपस्थितांचे आभार." पडद्यावरच्या बाईने एकटीने टाळ्या वाजवल्या. मग पटांगणातल्या सगळ्यांनी वाजवल्या.

लोक पांगू लागल्यावर काकूंनी मला जवळ बोलावले. हातात आपट्याचे पान दिले.

"हा भाग तू कापला होतास ना?"

"लांबी फार होत होती, काकू."

"तेव्हाही झाली होती," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी, पडदा उतरवायच्या आत, त्या चित्रणाची एक प्रत जगनशेठच्या लॅपटॉपवर राहिली, एक त्यांनी आपणहून दिलेल्या पेन ड्राइव्हवर आणि एक सत्यजीतकडे. तिन्हींची दरपत्रके मागवलेली नाहीत. काकूंच्या टीव्हीला जुन्यातली जुनी पद्धत तेवढी कळते. पण त्यांची फाइल लहान आहे, तिच्या पोटात मावते. त्या रोज दुपारी लावतात.

अविनाश यांनी आपले मनोगत हेतुपुरस्सर गहाळ केल्याचा संशय समितीकडे लेखी नोंदवला आहे. मी खुलासा दिला आहे. समितीने दोन्ही दाखल करून घेतले असून, डिस्क पुसावी की नाही हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर ठेवला आहे. तोपर्यंत डिस्क कार्यालयाच्या कपाटात आहे. तिच्यावरचे कुंकू पुसलेले नाही.

बेवारस कप्प्यातली दुसरी फाइल अजून तिथेच आहे. तिला नाव नाही. अविनाश यांच्या मनोगताचा राहिलेला भाग जेवढा भरेल, जवळपास तेवढीच ती भरते, असे सत्यजीतचे निरीक्षण आहे. ती विंडोजच्या संगणकावर उघडता येईल. तसा संगणक अविनाश यांच्या टेबलावर, कपाटापासून हाताच्या अंतरावर आहे. ही फाइल असल्याचे त्यांना अद्याप कोणी सांगितलेले नाही.